वाढवणचा खडक

डहाणूला चिकूसाठी जाणारे पुष्कळ. वाचकहो, मुलाबाळांना घेऊन तिकडे जाणे झालेच, तर ओहोटीची वेळ विचारून वाढवणचा किनाराही पाहून यावा. विरारहून डहाणूची लोकल पकडून वाणगावला उतरायचे. तेथून चिंचणी, वरोर करीत रिक्षाने वाढवण. दागिन्यांचे डाय बनविण्याचा घरगुती धंदा या गावांत चालतो.

पाणी मागे सरले की काळ्या खडकाचे मैदान उघडे पडते. खळग्यांत पाणी साचून राहते. वाकून पाहावे तर बोटाएवढे मासे, खेकडे, शंख, शेवाळ. बाया कालवे फोडीत बसलेल्या असतात. मुलांना हे सारे दाखवावे, पण पिशवीत भरून काही आणू देऊ नये.

माशाच्या पिलांना वाढायला अशीच आडोशाची जागा लागते: खडकाची कपार, खाडीतली तिवरे. मच्छीमार या पट्ट्याला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. ज्या पापलेटला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला, ते याच समुद्रातले.

लक्षद्वीपला किंवा मालवणला समुद्रात प्रवाळ आहेत. त्यांना कायद्याचे कवच आहे. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि 2001 साली प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसविण्यात आले. म्हणूनच मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी-हाजीअलीचे प्रवाळ परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवावे लागले. पण साध्या काळ्या खडकाचे नाव कुठल्याच अनुसूचीत नाही, आणि तो उचलून दुसरीकडे ठेवताही येत नाही.

डहाणूचे नशीब असे की इथे पूर्ण तालुक्यालाच संरक्षण मिळाले. 20 जून 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. सभोवतीचा 25 किलोमीटरचा पट्टाही त्यात आला, म्हणजे शेजारची तलासरीही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. वाढवणला बंदर बांधू पाहणाऱ्या पी अँड ओ कंपनीला या प्राधिकरणाने 1998 साली नकार दिला. गावोगावच्या लोकांनी तेव्हा जे आंदोलन उभे केले, त्याचा त्यात मोठा वाटा होता.

धर्माधिकारी 2019 साली वारले. त्याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी नव्या बंदराला अटी घालून संमती दिली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च 76,220 कोटी रुपये, भराव 1448 हेक्टर समुद्रात. बंदर किनाऱ्यापासून आत आहे, गावाची जमीन जाणार नाही, असे सांगितले जाते. पण मच्छीमाराची शेती समुद्रातच असते, हे सांगणाऱ्याला कोण समजावणार?

समुद्र फक्त कोळी-मांगेल्यांचा, असेही समजू नये. तलासरी म्हटले की आपल्याला 1945 चा वारल्यांचा लढा आठवतो, पण याच तालुक्यातले झाई समुद्राला लागून आहे. आतल्या पाड्यांवरचे तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात पडलेल्यांत डहाणू-तलासरीचे खलाशीही होते. आपल्या दारचा मासा आटला तर आणखी किती पोरे तिकडे जातील?

प्रस्तुत लेखक हिशेबातला माणूस. बंदरामुळे लाखो रोजगार मिळतील असे सरकार म्हणते. मिळोत, आपल्या पोरांनाही मिळोत. पण नुकसानभरपाईचा विषय निघाला की कागद पुढे येतो. बोटीला नोंदणी क्रमांक असतो, मालकाला परवाना असतो. खडकावर कालवे फोडणाऱ्या बाईकडे कोयता आणि टोपली. बोटीवर रोजाने जाणाऱ्या वारली पोराकडे तेही नाही. यादी वरून यायची वाट न पाहता वाढवण, वरोर, चिंचणी, झाई इथल्या महिला मंडळांनी आणि तरुणांनी आपणच वही घालावी. कोणती बाई कोणत्या खडकावर बसते, वर्षातले किती महिने, टोपलीला भाव काय येतो, कोण कुणाच्या बोटीवर जातो, हे लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे, इतिवृत्तात घ्यायला लावावे आणि सही-शिक्क्याची नक्कल घरी ठेवावी.