दहाऐवजी आठ

पक्षी पाहायला दुर्बीण घ्यायची तर दहा पटींचीच, असं मी बरीच वर्षं ठामपणे सांगत आलो. ओळखीतलं कुणी मुंबईच्या फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांकडे निघालं आणि ‘८×४२ घेऊ की १०×४२?’ असं विचारलं, की माझं उत्तर तयार असे. दोन्ही मधल्या किमतीच्या, वजनालाही सारख्याच. मग दोन पटी कमी कशाला घ्यायच्या? आज मी आठचीच घ्या म्हणतो.

माझं मत पालटलं ते शिवडीच्या जेट्टीवर. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथल्या चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. भरती चढू लागली की थवे किनाऱ्याकडे सरकतात. दहाच्या दुर्बिणीतून पक्षी मोठा दिसतो, हे खरंच. पण मनगटाचा कंपही दहा पटींनी मोठा होतो आणि ऊन चढल्यावर चिखलावर थरथरणारी हवाही. शेजारच्याची आठची दुर्बीण डोळ्याला लावली, तेव्हा पक्षी किंचित लहान दिसला, पण चोचीचा रंग स्वच्छ कळला.

मग आकड्यांकडे नीट पाहिलं. ४२ हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: आठला ५.२५ मिलिमीटर, दहाला ४.२. राणीच्या बागेत भल्या सकाळी दाट पानांत बसलेला तांबट शोधताना हा फरक जाणवतो. दुसरी गोष्ट, दृश्याची रुंदी. निकॉनच्या मोनार्क एम५ मालिकेत हजार मीटरवर आठच्या दुर्बिणीत सुमारे ११२ मीटरचा पट्टा मावतो, दहाच्या दुर्बिणीत सुमारे ९८ मीटरचा. उडता थवा पकडायचा तर हे १४ मीटर फार मोलाचे.

पण माझ्या आधीच्या मताचं मूळ आकड्यांत नव्हतं, पाहण्याच्या सवयीत होतं. बंदुकीवरच्या दुर्बिणीला एकच बिंदू हवा असतो. भोवतालचं सगळं तिच्या दृष्टीने फापटपसारा. एकेकाळी पक्षिनिरीक्षणही बंदुकीच्याच वाटेने आलं. मुंबईत १८९६ साली जन्मलेल्या आणि गिरगावात, खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि तिची ओळख विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. पुढे त्यांनी जिवंत पक्ष्यांच्या सवयी, त्यांची घरटी, त्यांचा प्रदेश अभ्यासला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला आळा घातला. नेम धरणारी नजर मात्र माझ्यात उरली होती. एक पक्षी, जितका जवळ तितका बरा, हे मी पाहण्याचं माप धरून बसलो होतो.

शिवडीत ते माप पुरत नाही. छोटा आणि मोठा या रोहिताच्या दोन जाती. छोट्याची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. उंचीतला फरकही दोघं शेजारी असले की चटकन कळतो. म्हणजे दोघं एकाच दृश्यात मावायला हवेत. चिखल्या, टिलवे, तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचंही तसंच. कोण कुणाच्या बाजूला, पाण्यापासून किती अंतरावर चरतो, यावरून ओळख पक्की होते.

दहाची दुर्बीण निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. हात स्थिर असेल आणि उघड्या माळावर शिकारी पक्षी पाहायचे असतील, तर ती जरूर घ्यावी. ओहोटीला थवा फार दूर गेला की मात्र दोन्ही अपुऱ्या. तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच हवा.

म्हणून आता कुणी विचारलं की सांगतो: दोन्ही दुर्बिणी घेऊन दुकानाच्या दारात या आणि फोर्टावर घिरट्या घालणारी घार शोधा. जिच्यात ती लवकर सापडेल आणि वळतानाही निसटणार नाही, ती घ्या. बहुतेकांच्या हातात ती आठचीच निघेल.