वरच्याचे बळ

उंचावर बसणाऱ्याचे बळ पुष्कळदा खालूनच येते. मोटार उलटसुलट फिरविणाऱ्या चार मोसफेटांच्या पुलात हे मला रोज दिसते. खालच्या दोघांचे सोर्स शून्यावर असतात. त्यांच्या गेटला 10 व्होल्ट पुरतात. वरचा मात्र वाहू लागताच त्याचा सोर्स बॅटरीच्या 24 व्होल्टांवर चढतो. मग गेटला हवेत सुमारे 34, आणि बॅटरीत तर 24 च!

ही तूट एक चिमुकला कपॅसिटर भागवितो. खालचा सोबती वाहत असताना तो डायोडमधून आपली शिदोरी भरून घेतो आणि वरच्याची पाळी येताच त्याच्यासह वर चढतो. परंतु शिदोरी ती, हळूहळू सरतेच. वरचा अखंड चालू ठेवला, तर गेट दुबळे होते, तो अर्धवट उघडा राहून तापतो, प्रसंगी जळतो.

हा पूल मी मातोश्रींच्या चाकांच्या खुर्चीसाठी जुळवीत आहे. चढावर मध्येच बळ सरून कसे चालेल? म्हणून प्रत्येक आवर्तनात खालच्याला क्षणभर पाळी देतो. मात्र एका बाजूचे दोघे एकदम जागे होऊ नयेत, म्हणून मध्ये निमिषभर दोघांनाही निजवितो. वेग किंचित उणावतो खरा; पण चढ निर्धास्त चढता येतो.