रायपूर-भिलाई : बाकावर बसलेल्या पोरी

रायपूरला पाहुणे आले की नवा रायपूरचं क्रिकेट स्टेडियम बघायला निघतात. बघावंच, २०२३च्या जानेवारीत न्यूझीलंडचा संघ इथे १०८ धावांत आटोपला होता. पण खेळाचं खरं वेड असेल तर लोकल पकडून भिलाईलाही जाऊन या.

छत्तीसगडचं महिला बास्केटबॉल घडलं ते तिथे, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी साध्यासुध्या घरांतल्या मुलींमधून देशाला खेळाडू दिल्या. कानपूरहून आलेली, जवळपास सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी त्यांच्याच हाताखाली तयार झाली. २०१८मध्ये पटेल सर गेले.

आमच्यासारख्या चाहत्यांचं दुखणं मात्र जुनंच आहे. मुलगी चमकली की तिला रेल्वेत नोकरी लागते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत ती रेल्वेच्या जर्सीत आमच्याचविरुद्ध उतरते. पूनमही तिकडेच गेली. नोकरीला नावं कोण ठेवणार? घर चालतं त्यावर. पण संघात बारा जणी, मैदानात पाचच. आमच्याकडे जिने अख्खा सामना ओढला असता, ती तिथे खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसते. इकडे शेवटच्या क्वार्टरमध्ये आमच्या पोरी दमतात आणि बदली पाठवायला उंच कुणी उरत नाही.

चौबे कॉलनीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळात क्रिकेटवर वाद घालायला दहा जण सापडतात. या विषयावर मी एकटाच बोलतो, तेही समोरच्याचा चहा संपेपर्यंत.