चौकटी कंसातला आकडा

कुणाचंही ज्युपिटर नोटबुक उघडलं की मी आधी आलेख बघत नाही, कोडही वाचत नाही. कुठला सेल कितव्या क्रमानं चालला हे सांगणारे, डाव्या समासातले चौकटी कंसातले आकडे वरून खाली बघत जातो. [१], [२], [३] असे ओळीनं असतील, तर लिहिणाऱ्यानं शेवटी कोड चालवणारा कर्नेल नव्यानं सुरू करून सगळे सेल एकदा चालवलेले असतात. [४७]च्या खाली [१२] आणि त्याखाली [११०] असेल, तर जे दिसतंय आणि जे घडलं, त्यांत अंतर आहे. ते किती, हे त्या फाइलमध्ये कुठेच नाही. संगणकीय भौतिकशास्त्र शिकवायला लागल्यापासून या एका अडचणीनं माझा पिच्छा सोडलेला नाही.

पुसलेला सेल मरत नाही, ही ती अडचण. पडद्यावरून तो जातो, पण त्यानं ठेवलेली किंमत कर्नेलच्या स्मृतीत तशीच बसलेली असते आणि खालचे सेल तिच्या भरवशावर निर्धास्त चालतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर तेच नोटबुक चालवलं की नेमएरर. तो आला तर निदान काहीतरी हरवलंय हे कळतं. त्याच नावाला वर कुठेतरी दुसरी किंमत दिलेली असली, तर सगळं बिनतक्रार चालतं आणि आलेख मात्र वेगळाच येतो. २०१९ साली काही संशोधकांनी गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली. त्यांतली जी चालवून बघता आली, त्यांपैकी साधारण चौथा हिस्साच विनाअडथळा शेवटपर्यंत गेला. आधीचंच उत्तर पुन्हा आलं, अशी होती जेमतेम ४ टक्के. हे आकडे वाचून मला धक्का बसला नाही. प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाच बसणार नाही.

म्हणून माझा नियम कडक होता: कर्नेल बंद करा, नव्यानं सगळं चालवा, आकडे सरळ आले तरच दाखवा. माझी स्वतःची नोटबुकं या बाबतीत निष्कलंक असत आणि त्याचा मला गर्व होता. वर्गात प्रोजेक्टरवर पहिल्या सेलपासून शेवटच्या आलेखापर्यंत एकही आकडा सांडायचा नाही. आदल्या रात्री केलेली चाचपणी, फसलेले सेल, तीनतीनदा बदललेल्या मर्यादा मी काळजीपूर्वक पुसून टाकायचो. सरांना हे पहिल्या फटक्यात सुचतं, असं मुलांना वाटावं ही माझी इच्छाच होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं की दिवस चांगला जायचा.

हे बदललं ते एका विद्यार्थिनीमुळे. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन शोधकांनी गुरुत्वीय लहर पकडली. तिची नोंद सर्वांसाठी खुली आहे आणि ती उलगडून दाखवणारं नोटबुकही लायगोनं दिलेलं आहे. मी मुलांना फक्त नोंद देतो, नोटबुक देत नाही. संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा. तेवढ्यात त्याची वारंवारिता ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत चढते, आणि कच्च्या नोंदीत तो गोंगाटाखाली पूर्ण बुडालेला असतो. चाळणी कुठून कुठवर लावायची, यातच सगळं कसब आहे.

त्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर चढत जाणारी ती लहर स्वच्छ दिसत होती. आकडे मात्र अस्ताव्यस्त, आणि चाळणीची खालची मर्यादा जिथे ठरवली तो सेलच गायब. नेहमीप्रमाणे मी म्हणणार होतो, कर्नेल बंद कर आणि पुन्हा चालव. पण ती किंमत काय होती हे मला हवं होतं, आणि कर्नेल बंद झाला असता तर तो आलेख जिच्यावर उभा होता ती किंमतही गेली असती. म्हणून म्हटलं, ‘‘थांब, आधी हिस्टरी काढ.’’ तो आदेश दिला की त्या बैठकीत चालवलेला प्रत्येक सेल, पुसलेला असो वा बदललेला, चालवला त्याच क्रमानं समोर येतो.

खालची मर्यादा आधी २० होती. खालच्या वारंवारितेचा गोंगाट सगळं गिळत होता. मग ५०, लहरीची सुरुवातच कापली गेली. मग ३५. इथवर कुणीही गेलं असतं. खरी गोष्ट पुढे होती. विजेच्या पुरवठ्याची गुणगुण काढून टाका, एवढंच मी वर्गात सांगितलं होतं. ती किती हर्ट्झची, ते नाही. तिनं आपल्याकडचे ५० हर्ट्झ काढून टाकले. गुणगुण हलली नाही. मग तिनं वर्णपट काढला, एकदा नाही, चारपाच वेळा, दर वेळी थोडा जवळून. ६०वर सुईसारखं टोक. त्यानंतरच्या सेलमध्ये ५०च्या जागी ६०.

‘‘सर, तिकडे साठच असते ना?’’ तिनं विचारलं. अमेरिकेतली वीज किती हर्ट्झची, हे तिनं त्या नोंदीतूनच काढलं होतं. माझ्या नियमानं सफाई केली असती, तर नोटबुकात उरला असता फक्त ६० हा आकडा, कुठल्याही पुस्तकातून उतरवता येईल असा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभा राहील, तेव्हा तिथल्या नोंदीत हीच गुणगुण ५०वर असेल. ते तिला आता कुणी सांगावं लागणार नाही.

असा माग न पुसण्याची आठवण ज्युपिटरच्या नावातच आहे: त्या नावात जुलिया, पायथन आणि आर या भाषांबरोबरच गॅलिलिओच्या टिपणांनाही मान दिलेला आहे. जानेवारी १६१०मध्ये गुरूजवळचे ठिपके त्याला पहिल्या रात्री स्थिर तारे वाटले. ते चंद्र आहेत हे कळल्यावरही छापील पुस्तकात त्यानं तो पहिला समज ठेवला आणि पुढच्या रात्री तारखेनिशी क्रमानं दिल्या.

नव्या साधनांचा आग्रह धरणारे सहकारी मला प्लूटो दाखवतात. जुलियासाठीचं हे नोटबुक २०२०मध्ये आलं. त्यात सेल पुसला की त्याची किंमतही जाते, आणि एक सेल बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप पुन्हा चालतात. पायथनसाठी मारिमो तेच करतं. काम चोख आहे, माझी जुनी अडचण त्यांनी खरोखर सोडवली. पण ती साधनं आत्ता काय खरं आहे एवढंच सांगतात. तिथवर कसं पोचलो, ते पडद्यावर त्यांतही उरत नाही. जोएल ग्रस यांनी २०१८च्या ज्युपिटर परिषदेतच उभं राहून नोटबुकं आवडत नसल्याचं सांगितलं आणि याच लपलेल्या स्मृतीवर बोट ठेवलं. सॉफ्टवेअर बांधणाऱ्याच्या जागेवरून त्यांचं बरोबर आहे. आम्हाला मात्र काही बांधायचं नसतं, बघायचं असतं.

आणि आता तर सरळ आकड्यांची किंमतच उरलेली नाही. यंत्रसहायकाला सांगितलं की बारा सेल लिहून मिळतात, [१] ते [१२] पहिल्याच फेरीत बिनचूक चालतात. ज्या सफाईसाठी मी मुलांना गुण देत होतो, ती आज फुकट मिळते. अशा नोटबुकात कुणी मध्येच थांबून सारणीचा आकार बघितलेला नसतो, वर्णपट पुन्हा काढलेला नसतो. काम हातानं झालं की नाही, हे आता फक्त हिस्टरीत दिसतं.

त्यामुळे मी आता दोन्ही मागतो: नव्यानं चालवलेलं सरळ नोटबुक आणि त्याआधीची हिस्टरी जशीच्या तशी. गुण दोन्हींना. वर्गात माझीही हिस्टरी दाखवतो. सरांच्याही मर्यादा तीनतीनदा बदलतात हे मुलांना दिसतं, आणि पूर्वीचा तो कौतुकाचा चेहरा आता दिसत नाही. त्याची उणीव मला जाणवते.

जे कुणी प्रात्यक्षिकं तपासत असतील, त्यांनी या सत्रात एकदा तरी हिस्टरी मागवून वाचावी. एका ओळीचा आदेश आहे. सफाईसाठी कर्नेल बंद करण्याआधी द्यावा.