परवलीचा शब्द

'पासवर्ड'ला आपण परवलीचा शब्द म्हणतो, तेव्हा गडाच्या दरवाजावरचा रात्रीचा पहारा डोळ्यांपुढे उभा राहतो. एक दरवाजा, एक पहारेकरी, एक शब्द. माझ्या वाट्याला आलेल्या गडाला मात्र सहा दरवाजे होते आणि प्रत्येकाची परवल निराळी.

एका लहान संशोधन-संस्थेचे सर्व्हर सांभाळण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. टपाल, ग्रंथसूची, हस्तलिखितांच्या छायाप्रती, विकी... सगळ्या प्रणाली मुक्तस्रोत आणि प्रत्येकीच्या दफ्तरी माणसांची वेगळी नोंद. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे निधन झाले, तेव्हा मी त्यांचे टपालखाते रीतसर बंद केले आणि कर्तव्य संपले असे मानले. चार महिन्यांनी सर्वांना सूचना गेली : सरांनी विकीवरील एका पानात बदल केला आहे. त्यांनीच कधीतरी विश्वासाने सांगितलेला शब्द एका विद्यार्थ्याने वापरला होता. हेतू वाईट नव्हता, दुरुस्तीही बरोबर होती. पण ती सूचना वाचून एका वृद्ध सहकारी बाईंनी मला फोन केला आणि काही न बोलता ठेवून दिला. चूक माझीच होती.

त्यानंतर 'सिंगल साइन-ऑन'चा शोध सुरू झाला : एकदाच ओळख पटवावी आणि सर्व दारे उघडावीत.

पहिला मोह एलडॅपचा. सर्वांची एकच नोंदवही ठेवायची आणि प्रत्येक प्रणालीने तीत पाहून खात्री करायची. परंतु शब्द एक झाला, तरी तो प्रत्येक दारात पुन्हा उच्चारावाच लागतो आणि प्रत्येक पहारेकऱ्याच्या कानी पडतो. सहांपैकी एक जरी फितूर झाला, तरी गड गेला.

कर्बेरॉस निराळ्या कुळातले. १९८३ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पात ते जन्मले आणि ग्रीक पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव त्याला मिळाले. मला ऋग्वेदातले यमाच्या वाटेवरचे चार डोळ्यांचे दोन सारमेय आठवले. इथे शब्द जाळ्यावरून प्रवास करीतच नाही, प्रवास करते ते मुदतीचे तिकीट. मात्र घड्याळे पाच मिनिटांहून अधिक चुकली, की एरवी हा कुत्रा घरच्यांवरही भुंकतो. शिवाय सर्व्हरवर थेट काम करणाऱ्यांना तो सोयीचा. ब्राउझरला त्याची ओळख करून द्यायची, तर प्रत्येक संगणकापाशी जाऊन बसावे लागते.

विद्यापीठांमध्ये रुजलेल्या एका प्रणालीचे नाव शिबोलेथ. बायबलातील शास्ते या ग्रंथात यार्देनेच्या उतारावर हा शब्द उच्चारायला लावून शत्रू ओळखीत. ज्यांना 'श' म्हणता येईना, ते मारले गेले. बेचाळीस हजार, असे ग्रंथ सांगतो. परवलीच्या शब्दाची ही दुसरी बाजू वाचून मी थबकलो. अनेक संस्थांनी एकमेकींच्या माणसांवर विश्वास ठेवावा, यासाठी ती प्रणाली आहे. आमची संस्था एकच, तेव्हा तो व्याप नको वाटला.

अखेर फ्रीआयपीए मागे आणि कीक्लोक पुढे, अशी रचना केली. नोंदवही आणि कर्बेरॉस पहिल्याकडे, ब्राउझरमधून येणाऱ्यांची विचारपूस दुसऱ्याकडे. निवडीचा निकष अगदी साधा ठेवला : रात्री दोन वाजता बिघडले, तर मला एकट्याला दुरुस्त करता आले पाहिजे. कारण एकच दार ठेवले, की ते अडकल्यावर सारा गड बाहेर राहतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एक स्थानिक खाते राखले आणि त्याचा शब्द लखोट्यात घालून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवला.

पुढे एक सहकारी निवृत्त झाले. निरोपसमारंभ आटोपल्यावर मी त्यांचे नाव एकाच ठिकाणी बंद केले आणि सहाही दारे मिटली. तरी दिलेले तिकीट आपली मुदत संपेपर्यंत चालतच राहते. त्या संध्याकाळी काही तास ते अजून आमच्यातलेच होते. ही उणीव भरून काढता येते, हे मला ठाऊक होते. ती घाई मी केली नाही.