गारगोटीचा ओटा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी आईंचं बोट कापलं. सुरी त्यांच्या पुढ्यातच होती आणि त्या ती चाचपत होत्या. मूठ काळी, ओटा काळा. जखम फार खोल नाही, हळद दाबली, रक्त थांबलं. पण त्या दिवसभर स्वयंपाकघरात आल्या नाहीत, आणि ते मला जखमेहून जास्त लागलं.

मोतीबिंदू त्यांचा कधीच काढून झालाय. आता डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, घरात उजेड वाढवा, आणि वस्तू जिच्यावर ठेवता ती जागा वस्तूपेक्षा वेगळ्या रंगाची असू द्या. आम्ही दोन ट्यूबलाइट वाढवल्या आणि काम झालं असं समजलो. ओट्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. चाळीस वर्षांचा कडप्पा. सांडलेली मोहरी त्याच्यावर दिसत नाही, पाण्याचं थारोळं दिसत नाही, सुरी दिसत नाही. आगळाची बरणी असते तिथे फिका गोल उमटलाय. कडप्पा शेवटी चुनखडीचाच दगड, आंबट त्याला सोसत नाही.

पाडव्याच्या आत पांढरा ओटा करायचा. ठरलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पांढरा म्हटल्यावर सगळे आधी संगमरवर सांगतात. लिंबू, कोकम, चिंच, ताक ज्या घरात रोज आहे तिथे तो नको. कडप्प्यावर उमटला तसा गोल त्याच्यावरही उमटणार. शेजारच्या वहिनींनी क्वार्ट्झ घ्या म्हणून सांगितलं. त्यांचा ओटा सुरेख आहे, पण तो कारखान्यात होतो, गारेचा चुरा राळेत घट्ट बसवून. राळेला गरम कढई चालत नाही. आई साठ वर्षं कढई उतरवून थेट ओट्यावर ठेवत आल्या आहेत. या वयात, या नजरेनं, आधी जाळी शोधा आणि मग कढई ठेवा असं मी त्यांना सांगणार नाही.

उरला क्वार्ट्झाइट. नाव क्वार्ट्झच्या इतकं जवळचं की फोनवर दोन दुकानदारांनी दोन्ही एकच म्हणून सांगितलं. हा मात्र खाणीतून निघालेला दगड. वाळूचा खडक जमिनीत खोलवर दाब आणि उष्णता सोसून पुन्हा विणला जातो. कण एकमेकांत इतके रुततात की फोडला तर तो कणांच्या सांध्यातून न फुटता कणांमधून आरपार फुटतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका गोदामात गेलो. लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या केलेल्या स्लॅब, दहा फूट बाय सहा फूट, पुस्तकाची पानं उलटावीत तसे गडी त्या एकेक पुढे ओढून दाखवतात. एक पाहून थबकलेच. दुधासारखी जमीन, तिच्यात राखी धुक्याचे पट्टे. विक्रेता म्हणाला, “मॅडम, सुपर व्हाइट क्वार्ट्झाइट. ब्राझील.” आंबट चालेल का विचारलं तर, “थोडा सॉफ्ट क्वार्ट्झाइट आहे, पण चालतो.” नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागून घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्री त्या तुकड्यावर लिंबाची चकती ठेवून झोपले होते. सकाळी पुसून खिडकीशी तिरपा धरला. चकतीएवढा निस्तेज गोल, कडेला बिया टेकल्या होत्या तिथे दोन ठिपके तेवढे चकचकीत राहिलेले.

आईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, “हा दगड असतो कशाचा?” मी म्हटलं, क्वार्ट्झचा, म्हणजे आपली गार. “मग गारगोटीच की! काचेवर ओढून बघितलीस का?” मुरंब्याची रिकामी बाटली आणली, तुकड्याची धारदार कड तिच्यावर जोर लावून ओढली. पांढरी रेघ उठली. दगड खरा निघाला असं मी म्हणणार, तोवर आईंनी अंगठा फिरवला आणि रेघ पुसली गेली. काच जशीच्या तशी. दगडच झिजून त्याची पूड काचेला लागली होती.

म्हणजे डोलोमाइट, संगमरवराचाच भाऊ. सुपर व्हाइट नावानं बऱ्याचदा हाच येतो. काठिण्याच्या दहाच्या मापात गार सातवर, काच साडेपाचच्या आसपास, डोलोमाइट चारच्याही खाली. सॉफ्ट क्वार्ट्झाइट नावाचा दगड भूगर्भशास्त्रात नाही. देखणा दगड आहे, भिंतीला लावा, देवघराला लावा. पण खोटं नाव सांगून तो ओट्यासाठी विकणं मला मान्य नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरं गोदाम. पर्समध्ये बाटली. इथल्या माणसानं नाक न मुरडता स्वतःच दोन तुकडे हातात दिले. एक अगदी पांढरा, राखी रेघांचा. दुसरा ताकाच्या रंगाचा, त्यात सोनेरी छटा जेमतेम. त्याचं बाजारातलं नाव ताज महाल. आग्र्याचा ताज मकराण्याच्या संगमरवराचा, आणि हा येतो ब्राझीलच्या सिआरा राज्यातून. दोन्ही तुकड्यांनी काचेवर नख अडकेल असा ओरखडा काढला. पुसून पुसला जाईना.

रात्री आई म्हणाल्या, “न्हाणीघरातला दिवा घालव आणि दार लाव.” त्यांचं माहेर कासार्ड्याकडचं, जिथली पांढरी सिलिका वाळू काचेच्या कारखान्यांना जाते. लहानपणी तिथे सगळी मुलं अंधारात गारगोट्या घासत. आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी ते दोन तुकडे एकमेकांवर जोरात घासले. आधी नुसता करकराट. मग घासल्या जागी, दगडाच्या आतून यावा तसा, पिवळसर उजेड. क्षणभरच. जळका वास पसरला.

“तुम्हाला दिसला?” मी विचारलं.

“सरळ बघितलं की नाही दिसत. जरा बाजूला बघितलं की दिसतो.”

त्यांनी पुन्हा घासले. बराच वेळ आम्ही आतच होतो. मधली नजर गेली तरी कडेची शाबूत असते हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. ते म्हणजे काय, हे आज त्या अंधारात कळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर दोन्ही तुकड्यांचा छळ केला. पाण्याचा थेंब पांढऱ्यावर दहा मिनिटांत मुरून काळपट डाग झाला, ताज महालवर तसाच टपोरा राहिला. लिंबानं दोघांनाही काही केलं नाही. तेलात कालवलेली हळद मात्र पांढऱ्यात पार उतरली. साबणानं, सोड्याच्या लेपानं फिकी झाली, गेली नाही. गॅलरीत उन्हात ठेवला तेव्हा चार दिवसांत पिवळेपणा उडाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, वाळत घातलेल्या पंचावर हे रोज बघतोच. पण ओटा काही गॅलरीत नेता येत नाही.

आईंनी वेगळंच सांगितलं. पांढऱ्याच्या राखी रेघा त्यांना रेघा वाटतच नाहीत. कधी सुरी वाटते, कधी ओघळ. त्यामुळे शांत अंगाचा ताज महाल. आरशासारखं पॉलिशही नको, ट्यूबलाइटचा झोत त्यात उलटून डोळ्यावर येतो. लेदर फिनिश घ्यायचं.

१ मार्च, शनिवार

स्लॅब पक्की केली. ओलं फडकं फिरवून वाळू दिली. चीर असेल तिथलं पाणी शेवटी वाळतं. एका स्लॅबमध्ये कोपऱ्यापासून केसाएवढी ओली रेघ दिसली, ती बाजूला काढली. मागची जाळीही बघून घेतली. मिस्त्रीकाकांनी पुठ्ठ्याचा फर्मा स्लॅबवर ठेवून सोनेरी छटा सिंकच्या बाजूला वळवली, गॅसजवळची जागा कोरी ठेवली. भाव फुटावर सांगतात, पण घ्यावी लागते अख्खी स्लॅब. उरेल त्यातून खिडकीची पट्टी आणि देवघराची पाटी. काळ्या ग्रॅनाइटपेक्षा बराच महाग पडला. यांनी एक शब्द काढला नाही.

१८ मार्च, मंगळवार

अख्खी स्लॅब भरते तीनशे किलोच्या घरात. ओट्याचा नऊ फुटी तुकडा एकटा नव्वदच्या आसपास. चौघांनी तो उभा धरून जिन्यानं आणला. आडवा धरला तर सिंकच्या भोकाशी मोडतो.

गॅसचं भोक कापताना काका तोंडाला रुमाल बांधून कोरडंच ग्राइंडर लावायला निघाले. मी थांबवलं. गारेची ती पूड छातीत गेली की बाहेर येत नाही. कारखान्यातला क्वार्ट्झ कापणारे तरुण सिलिकोसिसनं जायला लागले म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. आणि आमचा हा दगड तर जवळजवळ सगळा गारेचाच. काका म्हणाले, “ताई, बावीस वर्षं असंच करतोय.” बोलतानाही ते खोकत होते. मी म्हटलं, “घरभर चिखल झाला तरी चालेल, काका, पाणी सोडूनच कापा.” पोऱ्यानं बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार धरली. मास्क मी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. पोऱ्यानं लगेच लावला, काकांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर. इतकी वर्षं किती घरांतून त्यांना हे कुणीच सांगितलं नसेल, हे मनातून जात नाही.

२४ मार्च, सोमवार

सीलरचा दुसरा हात काल वाळला. आज आईंनी फोडणी केली. मोहरीचे चार दाणे ओट्यावर उडाले, ते त्यांनी एकेक करून टिपले. कढई उतरवली ती थेट दगडावर. दुपारी मात्र लसूण सोलायला बसल्या आणि पाकळ्या हरवायला लागल्या. तांदूळ निवडतानाही तेच. पांढऱ्यावर पांढरं.

जुन्या कडप्प्याचे तुकडे खाली सोसायटीच्या भिंतीला लावून ठेवलेत. मी उतरून त्यातला पाटाएवढा, आगळाचा डाग नसलेला, शोधून आणला. उद्या काका त्याच्या कडा घासून देतील. पाणी सोडून.