चारचौघांतली शिक्षा

कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी नावं निघाली की एकाच घरात दोन पक्ष पडतात. आमच्याही घरात पडतात. त्यामुळे आठवीतल्या माझ्या मुलाची शाळेच्या संघात निवड झाली तेव्हा त्याच्या अब्बांनी गल्लीत पेढे वाटले. चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. आईनं मैदानावर जाऊन बसायचं हे आमच्याकडे अजून फारसं रुळलेलं नाही, पण मला त्याला खेळताना बघायचं होतं. धाकट्या लेकीला घेऊन मी गेले.

सामना बरोबरीत होता. शेवटची सात-आठ मिनिटं उरली होती. आमचा गोलकीपर सातवीतला, किडकिडीत पोर. सरळ आलेला साधा चेंडू त्याच्या हातांखालून निसटला आणि जाळ्यात गेला. माझा मुलगा बचावाला होता. तो धावत गेला, त्या पोराला छातीवर हात मारून ढकललं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा त्याच्यावर ओरडला. काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांनी त्याला ताबडतोब बाहेर घेतलं आणि दुसरा मुलगा आत पाठवला. इथपर्यंत बरोबरच होतं. माझीच मान खाली गेली होती. पण सर तिथे थांबले नाहीत. त्यांनी त्याला पांढऱ्या रेषेवर, लोकांकडे तोंड करून, कान धरून उभं केलं. "लई मोठा खेळाडू झालायस न्हवं? बघू देत सगळ्यांना!" सामना संपेपर्यंत तो तसाच उभा होता. लोक हसले. दोघा-तिघांनी मोबाइल वर काढले. लेकीनं विचारलं, "अम्मी, भाई तिकडं का उभा आहे?" मला उत्तर सुचलं नाही.

मगरिबच्या आत तो व्हिडिओ वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर फिरला होता. पोरगं जेवलं नाही. सोमवारी सरावालाही जाणार नाही म्हणाला.

त्याच्या अब्बांना यात फारसं काही वाटलं नाही. "आम्ही काय कमी मार खाल्ला? म्हणून तर माणसात आलो," ते म्हणाले. मला माझे अब्बा आठवले. ते तरुणपणी कुस्ती करायचे. वस्तादांची काठी त्यांनीही खाल्ली होती, आणि त्या काठीचं कौतुक मी करणार नाही. पण ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. काठी असायची ती तालमीच्या आत. मैदानात पठ्ठा चितपट झाला, की वस्ताद तिथे एक शब्द बोलायचे नाहीत. आधी आपल्या खांद्यावरचा पंचा त्याच्या अंगावर टाकायचे. डाव कुठे चुकला, ते दुसऱ्या दिवशी पहाटे, हौद्यातल्या मातीत सांगायचे. हजारो लोकांसमोर पडलेल्या माणसाला पडल्याचं वेगळं सांगावं लागत नाही, हे त्या कमी शिकलेल्या वस्तादांना कळत होतं.

मी शाळेत तक्रार करायचं ठरवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मला माहीत होतं. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

इशाच्या नमाजनंतर सासऱ्यांनी मला आणि नातवाला जवळ बसवलं. सही मुस्लिममधली हजरत मुआविया बिन हकम (रजि.) यांची हकिगत त्यांनी सांगितली. ते नवे मुसलमान होते. जमातच्या नमाजमध्ये कुणाला तरी शिंक आली आणि हे मोठ्यानं त्याला दुआ देऊन बसले. लोक रोखून बघू लागले. हे आणखी बोलले, तेव्हा लोकांनी मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प केलं. इतक्या लोकांसमोर चूक झाली होती, तीही नमाजमध्ये. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नमाज पूर्ण केली, आणि मग नमाजमध्ये इतर बोलणं योग्य नाही, ती तस्बीह, तक्बीर आणि कुरआन पठणासाठी आहे, एवढंच समजावलं. रागावले नाहीत, मारलं नाही, अपशब्द काढला नाही. त्यांच्यापेक्षा चांगला शिक्षक आपण आधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही, अशी ग्वाही त्या सहाबींनीच दिली आहे.

"आणि चारचौघांत सांगायची वेळ आलीच," सासरे म्हणाले, "तर ते नाव घेत नसत. काही लोक असं का करतात, असं म्हणत. ज्याला कळायचं त्याला कळे, आणि त्याची इज्जतही राही."

मला वाटलं, माझ्या तक्रारीला बळ मिळालं. तेवढ्यात मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मग दादाजी, मीपण तेच केलं ना? त्या गोलकीपरला सगळ्यांसमोर बोललो."

कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं तो माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "अम्मी पण करते. खाला आल्या होत्या तेव्हा माझे गणिताचे मार्क सगळ्यांसमोर वाचून दाखवले."

ते खरं होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी ते केलं होतं. वर हसत म्हणाले होते, "तुम्हीच सांगा याला काहीतरी." त्या दिवशीही तो जेवला नव्हता, आणि त्याचं पोट बिघडलं असेल असं मी धरून चालले होते.

रात्रभर डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. सरांना त्याला शिकवायचं होतं, की दुसऱ्याला चारचौघांत हिणवू नये. आणि ते त्यांनी त्याला चारचौघांत हिणवून शिकवलं. मी त्याला अभ्यासाची लाज वाटावी म्हणून लाज काढली. त्यातून त्याला गणित आलं नाही, लाज कशी काढायची तेवढं आलं. मोठ्यांनी लहानाची चूक कशी हाताळायची ते आमच्याकडूनच बघून त्यानं ते आपल्याहून लहान पोरावर वापरलं होतं.

सोमवारी मी शाळेत गेले, पण तक्रार घेऊन नाही. सर खेळाचे एकटेच शिक्षक. सामन्याच्या दिवशी सतरा-अठरा पोरं, पाण्याच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, सगळं त्यांच्याच गळ्यात. ते म्हणाले, "ताई, त्या घटकेला मी काहीच केलं नसतं तर बाकीच्या पोरांनी काय घेतलं असतं? ढकललं तरी चालतंय म्हणून?"

प्रश्न खोटा नव्हता. मैदानातल्या बेशिस्तीकडे कानाडोळा करता येत नाही. मार खाल्लेल्या लहान पोरालाही दिसायला हवं, की कुणीतरी आपल्या बाजूनं उभं राहिलं. मी म्हटलं, "सर, बाहेर काढलंत ते बरोबरच केलंत. ते सगळ्यांसमोरच व्हायला हवं होतं. पुढचं नको होतं." मग मी पंचाच्या कार्डाचं उदाहरण दिलं. पंच पिवळं कार्ड सगळ्या मैदानासमोरच दाखवतो. पण कार्ड दाखवतो, नंबर लिहून घेतो आणि खेळ पुढे सुरू करतो. खेळाडूची नक्कल करत नाही, लोकांना हसवत नाही. शिक्षा उघड असते, पण अपमान नसतो.

सर हसले. म्हणाले, "कार्ड तर आता आम्हालाबी दाखवत्यात." खरंच आहे. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमांत बेशिस्त वागणाऱ्या प्रशिक्षकालाही पिवळं किंवा लाल कार्ड दाखवण्याची तरतूद आहे. मग थोडं थांबून ते म्हणाले, "माझ्या सरांनी मला असंच उभं केलेलं. अजून आठवतंय." कशासाठी उभं केलं होतं, असं मी विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले. त्यांना आठवलं नाही.

माफीचा प्रश्न उरला होता. मुलगा म्हणाला, त्या पोराला बाजूला घेऊन सॉरी म्हणतो. सासरे म्हणाले, "बोललास सगळ्यांसमोर, मग माफी कोपऱ्यात का?" मी जबरदस्ती केली नाही. तो दोन दिवस सरावाला गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला आणि सगळा संघ गोल करून बसलेला असताना त्यानं माफी मागितली. त्या पोराच्या आईनं मला फोन करून हे सांगितलं. यानं घरी चकार शब्द काढला नाही. सरांनी ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला लावला. कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये तो अजून असेल, ते मात्र आता कुणाच्याच हातात नाही.

मी माझ्या मुलाची माफी मागितली. एकांतात. पुढच्या वेळी खाला आल्या तेव्हा त्याच्या मार्कांचा विषय निघाला, आणि मी चहा आणायला उठले.

परवा पुन्हा सामना होता. त्याच गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला. माझ्या शेजारचे गृहस्थ उभे राहून ओरडले, आणि माझ्याही ओठांवर "अरे, बघ की!" आलं होतं. ते मी गिळलं. माझा मुलगा क्षणभर डोक्याला हात लावून उभा राहिला. मग त्यानं जाळ्यातून चेंडू काढला, त्या पोराच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर गेला.

सामना आम्ही हरलो. सरांनी पोरांना बसमध्ये बसवलं, दार लावून घेतलं, आणि मगच बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते मला बाहेर ऐकू आलं नाही.